कशाने आणि कसे

कोल्हापुरात मयताच्या घरी भेटायला गेलेला माणूस आधी विचारतो, "कशानं गेले?" उत्तर एका शब्दात मिळते: अ‍ॅटॅकनं, काविळीनं, पाण्यात बुडून. मग तो जरा थांबतो, आवाज आणखी खाली आणतो आणि दुसरा प्रश्न विचारतो, "कसं झालं?" तेव्हा घरातले कुणीतरी सांगू लागते. सकाळी चहा घेतला होता, वैरणीला गेले होते, बांधावर पाय घसरला, शेजारच्या पोरानं बघितलं, गाडी मिळायला अर्धा तास गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देहात असते. दुसऱ्याचे उत्तर त्या जागेत, त्या वेळेत आणि तिथे हजर असलेल्या माणसांत असते. न्यायवैद्यक शास्त्रात या दोहोंना मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार म्हणतात. आमच्या माणसांना ही नावे ठाऊक नसतील, भेद मात्र पक्का ठाऊक आहे.

आपल्या शहराच्या इतिहासातल्या सर्वांत दुखऱ्या मृत्यूबद्दल बोलताना नेमका हाच भेद सुटतो. छत्रपती चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. जन्म ५ एप्रिल १८६३ चा, म्हणजे वय वीस. १८७१ साली ते करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवर दत्तक आले. पुढे इंग्रज सरकारने त्यांना वेडसर ठरवले, राज्याचा कारभार रीजंट म्हणून कागलकर जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्याकडे गेला आणि महाराजांना राजधानीपासून दूर, अहमदनगरला पहाऱ्यात ठेवले. पहाऱ्यावर ग्रीन नावाचा गोरा सोल्जर होता. त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराजांची प्लीहा फुटली आणि ते गेले. ग्रीनला शिक्षा झाली नाही.

या घटनेविषयी दोन मते चालत आली आहेत. सरकारची बाजू घेणारे म्हणतात: महाराज अनावर झाले, शिपायाने त्यांना आवरले, त्या ओढाताणीत आधीच नाजूक असलेली प्लीहा फुटली, यात दोष कुणाचाच नाही. "झटापटीत प्लीहा फुटून निधन" एवढे एक वाक्य लिहून पुढच्या प्रकरणाकडे, म्हणजे १७ मार्च १८८४ च्या शाहू महाराजांच्या दत्तकविधानाकडे वळण्याचा इतिहासलेखकांचा प्रघात याच मताचा वारसा आहे. उलट बाजूला कोल्हापूरची लोकपरंपरा आहे. तिच्या मते हा सरळ खून होता, ग्रीनने पोटात लाथ घातली, आणि प्लीहेची गोष्ट हा गोऱ्या शिपायाला वाचवण्यासाठी रचलेला बनाव.

दोन्ही पक्ष एकमेकांशी हिरीरीने भांडतात, पण त्यांचे गृहीतक एकच आहे. प्लीहा फुटली हे खरे असेल तर ग्रीन सुटला, असे दोघेही मानतात. म्हणून एक पक्ष प्लीहेला कवटाळतो आणि दुसरा ती नाकारतो. देहातले कारण कळले की मृत्यूचा प्रकार आपोआप कळतो, हे ते गृहीतक. आज सुशिक्षितांतही तेच प्रचलित आहे, आणि मला त्याचेच खंडन करायचे आहे. प्लीहा फुटली हे मी मान्य करतो. त्यावरून अपघात सिद्ध होत नाही, आणि खूनही नाही.

आधी प्लीहेविषयी. आपल्याकडे तिला पाणथरी म्हणतात. डाव्या कुशीत, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, मुठीएवढा हा अवयव असतो. निरोगी माणसात वजन सुमारे दीडशे ग्रॅम. रक्ताने गच्च भरलेला, वर पातळ आवरण. हिवतापाचे हेलपाटे वर्षानुवर्षे सोसलेल्या माणसात ती वाढून बरगडीखाली उतरते आणि कधीकधी किलोच्या मापात जाते. वाढलेली पाणथरी बरगड्यांच्या पिंजऱ्यातून बाहेर आल्यामुळे उघडी पडते, तिला मार सहज लागतो. इथवर सरकारपक्षाचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. नॉर्मन चेव्हर्सच्या न्यायवैद्यकावरच्या ग्रंथात, जो १८५६ पासून हिंदुस्थानातल्या डॉक्टरांच्या हाती होता, प्लीहा फुटून झालेल्या मृत्यूंची चर्चा आहे. हा आजार त्या काळात कुणाला नवा नव्हता.

पण तेच शास्त्र आणखी काही सांगते आणि ते कुणी उद्धृत करत नाही. मार न लागता, आपसूक प्लीहा फुटणे हे मुख्यतः हिवतापाच्या ताज्या, पहिल्या हल्ल्यात घडते. तेव्हा ती झपाट्याने सुजते आणि आवरण ताणले जाते. जुनाट वाढलेली पाणथरी कालांतराने घट्ट, तंतुमय होत जाते. ती फुटली तर आधी आघात शोधायचा असतो. दुसरे असे की पोटाची भिंत मऊ असते, आघात पचवून आत पोहोचवते. लाथेने किंवा गुडघ्याने आतला अवयव फाटला तरी कातडीवर वळ उठेलच असे नाही. "अंगावर खूण नव्हती" हा त्यामुळे आघात नसल्याचा पुरावा होत नाही. तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लीहा दोन टप्प्यांत फुटू शकते. पहिल्या आघाताने आवरणाखाली रक्त साचते, माणूस हिंडतो-फिरतो, आणि काही दिवसांनी किरकोळ हालचालीने आवरण फाटून पोटात रक्त ओतले जाते. म्हणजे एखाद्या कोठडीतल्या माणसाची प्लीहा फुटली, तर त्या शेवटच्या पाच मिनिटांची चौकशी अपुरी ठरते. मागच्या आठवडा-दोन आठवड्यांत त्याच्या अंगाला कुणी हात लावला, हे विचारावे लागते. शवविच्छेदन करणाऱ्याने प्लीहेचे वजन, आवरणाची जाडी, चिरेची जागा, रक्ताच्या गाठी ताज्या की जुन्या, बरगड्यांची अवस्था हे सारे नोंदले तरी त्या प्रश्नाचे उत्तर टेबलावर मिळत नाही. ते माणसांना विचारावे लागते, आणि ज्यांना विचारायचे ते सारे सरकारचे नोकर.

इथे आग्र्याची एक घटना आठवणे भाग आहे, कारण ती महाराजांच्या मृत्यूच्या अवघी आठ वर्षे आधीची. १८७५ मधला एक रविवार. फुलर नावाचा इंग्रज वकील कुटुंबासह चर्चला निघाला होता. गाडी दारी यायला उशीर झाला म्हणून त्याने कटवारू नावाच्या साईसाला मारले. साईस पडला, उठून शेजारच्या आवारात गेला आणि थोड्याच वेळात मेला. शवविच्छेदनात निघाले: प्लीहा फुटली. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी साधी दुखापत केल्याबद्दल फुलरला ३० रुपये दंड केला. व्हाइसरॉय लिटन यांनी जुलै १८७६ मध्ये लिहिलेल्या टिपणात या निकालावर कडक ताशेरे ओढले, तर गोऱ्या समाजाची वर्तमानपत्रे लिटन यांच्यावरच तुटून पडली. लिटन काही हिंदी लोकांचे कैवारी नव्हते. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्यांचाच. अशा माणसालाही जे खटकले, ते काय होते? मार आणि मृत्यू यांच्यामध्ये पाणथरी आली, एवढ्यावर मृत्यू हिशेबातून वजा झाला आणि मार तेवढा उरला, तोही ३० रुपयांचा.

आता कायदा पाहू. वाढलेल्या पाणथरीचा बचाव काळाला धरून होता, त्या काळच्या कायद्याला तो मान्य होता, असे आजचे काही अभ्यासक समजुतीने सांगतात. हे चूक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, जी १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, कलम २९९ चे पहिलेच स्पष्टीकरण या प्रश्नाचे उत्तर देते: आजाराने वा शारीरिक दुर्बलतेने ग्रासलेल्या माणसाला इजा करून त्याचे मरण जो लवकर ओढवतो, त्यानेच ते मरण घडवले असे मानायचे. कलम ३०० खालचे एक उदाहरण आणखी पुढे जाते. समोरच्याला असा आजार आहे की एका ठोशाने तो मरू शकतो, हे ठाऊक असताना इजा करण्याच्या हेतूने ठोसा मारला आणि तो मेला, तर तो खून. धडधाकट माणूस त्या ठोशाने मेला नसता तरीही. आजार ठाऊक नसेल आणि जीव घेण्याचा हेतू नसेल, तर खून नाही, पण केलेली इजा उरतेच. म्हणजे कायद्याने पाणथरीचे स्थान नेमके ठरवून दिले होते. कार्यकारण तुटले की नाही, या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. मारणाऱ्याला काय ठाऊक होते आणि त्याच्या मनात काय होते, एवढ्यापुरतीच ती विचारात घ्यायची. फुलरच्या खटल्यात आणि नंतर अहमदनगरच्या प्रकरणाच्या समर्थनात पाणथरी या जागेवरून उचलून कार्यकारणाच्या जागी ठेवली गेली.

"काय ठाऊक होते" हा प्रश्नही साधा नाही. हिंदुस्थानात माणसांच्या पाणथऱ्या वाढलेल्या असतात, हे इंग्रज सरकारपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? १८४५ च्या सुमारास उत्तरेतल्या कालव्यांच्या काठच्या गावांत डॉक्टर डेम्प्स्टर यांनी गावकऱ्यांची पोटे चाचपून वाढलेल्या प्लीहांचे प्रमाण काढले आणि त्यावरून त्या गावातल्या तापाची मोजणी केली. हिवतापाचा जंतू लाव्हरानला १८८० साली दिसला आणि डासाचा दुवा रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत मिळाला. त्याच्या किती तरी आधीपासून सरकारच्या दफ्तरात पाणथरी हे मोजमाप होते. जे सरकार पाणथरीवरून गावाची प्रकृती ठरवते, त्याच सरकारच्या पहाऱ्यातला माणूस पाणथरी फुटून मेल्यावर "हे कुणाला माहीत होते?" असा प्रश्न टिकत नाही. कैद्याची वैद्यकीय तपासणी करणे हे ज्याने त्याला कैदेत ठेवले त्याचे काम होते.

सरकारपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. महाराज खरोखरच भान हरपून अंगावर आले असतील तर? दंडसंहितेच्या कलम ९८ प्रमाणे वेडाच्या भरात हल्ला करणाऱ्याविरुद्धही स्वसंरक्षणाचा पूर्ण हक्क होता. हल्लेखोराला शिक्षा होऊ शकत नाही म्हणून हक्क कमी होत नसे. तेव्हा ग्रीनने स्वतःला वाचवताना इजा केली असेल तर तो निर्दोष. हा मुद्दा मला मान्य आहे. पण त्याचे पुढचे पाऊल टाका. कलम ९९ सांगत होते की संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क नाही. आणि १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे अशा अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असे. न्यायालय तो नाही असे धरून चाले. त्याच कायद्याचे कलम १०६ म्हणत होते की जी गोष्ट विशेषतः एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती शाबित करण्याचा भार त्याच्यावर. बंद किल्ल्यात काय घडले हे ग्रीन आणि त्याचे वरिष्ठ यांच्याशिवाय कुणाच्या माहितीत होते? स्वसंरक्षण हा बचाव आहे, आणि बचावाला आधी आरोप, मग साक्ष, मग उलटतपासणी लागते. ते टाळून बचावालाच निकाल मानणे, हे त्या वेळच्या इंग्रजी कायद्यालाही धरून नव्हते.

मुंबई शहरात हा मृत्यू झाला असता तर १८७१ च्या कॉरोनर कायद्याखाली ज्यूरीसमोर उघड चौकशी करावी लागली असती. अहमदनगर मोफसलात. तिथे कॉरोनर नाही, ज्यूरी नाही. शिवाय ते दिवस कोणते होते पाहा. इल्बर्ट बिलावरून वर्षभर गोऱ्यांनी रान उठवले होते. हिंदी न्यायाधीशापुढे गोरा आरोपी उभा राहू नये म्हणून. नेमक्या त्याच डिसेंबरात सरकारने माघारीची तडजोड केली आणि जानेवारी १८८४ मध्ये गोऱ्या आरोपीला निम्मी गोरी ज्यूरी मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. त्या आठवड्यात एका गोऱ्या सोल्जरला एका छत्रपतीच्या मृत्यूबद्दल उघड न्यायालयात उभे करायला सरकारला किती उत्साह असेल, हे वाचकाने ठरवावे. मी त्याचा पुरावा म्हणून उपयोग करत नाही. चौकशी उघडपणे का झाली नाही, याचे ते एक वाजवी कारण दिसते, इतकेच.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे आपल्या माणसांकडे वळतो. इथे लिहिताना हात जड होतो, कारण "खून" या शब्दामागे एका पिढीचा अपमान साठलेला आहे आणि तो खोटा नाही. तरीही मला हा शब्द चुकीचा वाटतो. मराठी कायदेभाषेत दोन वेगळे शब्द आहेत: मनुष्यवध आणि खून. प्रत्येक खून हा मनुष्यवध असतो, प्रत्येक मनुष्यवध खून नसतो. खुनाला हेतू किंवा ठाम जाणीव लागते, आणि ग्रीनच्या मनातले दाखवणारा कागद आपल्यापाशी नाही. आपण जेव्हा "खून, खून" म्हणून हेतू पणाला लावतो, तेव्हा समोरचा फक्त "हेतू दाखवा" एवढेच म्हणतो. हेतू दाखवता आला नाही की ऐकणारा समजतो, म्हणजे अपघातच. मधली सगळी जमीन आपणच सोडून देतो. प्लीहा हा बनाव म्हणण्यानेही असेच होते. ज्या कारणावर दोन्ही बाजू सहमत होऊ शकल्या असत्या, तेच आपण नाकारतो आणि वाद पुराव्यावरून श्रद्धेवर नेतो.

याच परंपरेत आणखी एक युक्तिवाद नेहमी येतो: टिळक-आगरकर खरे ठरले. केसरी आणि मराठा ही त्यांची वृत्तपत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली, आणि त्या वर्षअखेरीस कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात असे लेख त्यांत आले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती बनावट निघाली. १७ जुलै १८८२ रोजी दोघा संपादकांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. नंतर चौदा महिन्यांत महाराज गेले. दोघे तरुण संपादक एका असहाय मुलासाठी तुरुंगात गेले, याचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे. पण मृत्यूने ती पत्रे खरी होत नाहीत. आरोप बर्व्यांवर होता, मृत्यू दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या हातून आला. काळजी योग्य होती, पुरावा खोटा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. न्यायशास्त्राच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या, भाषेत सांगायचे तर साध्य आवडले म्हणून हेतू, म्हणजे त्यासाठी दिलेला आधार, शुद्ध होत नाही. बर्वे प्रकरणाची खरी शिकवण हीच आहे, आणि महाराजांच्या मृत्यूबद्दल बोलताना आपण ती लक्षात ठेवली नाही.

शेजारी दुसरा एक मृत्यू ठेवून पाहू. चौथ्या शिवाजींच्या आधीचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी वारले. वय तेव्हाही वीसच. आर्नो नदीच्या काठी कॅशिने उद्यानात त्यांचे दहन झाले, आणि तिथे आजही त्यांची छत्री उभी आहे. तिचा आराखडा ज्या मेजर मँटने केला त्यानेच आपल्या नव्या राजवाड्याचाही केला. परका देश, परके डॉक्टर, हजारो कोसांचे अंतर. संशयाला जागा हवी तेवढी होती. तरी या मृत्यूविषयी कोल्हापुरात कुणी कुजबुजल्याचे मी ऐकलेले नाही. कारण सोबत स्वतःची माणसे होती. ती परत आली आणि "कसं झालं" ते त्यांनी सांगितले. अहमदनगरहून परत येऊन सांगणारे आपले कुणी नव्हते, आणि ज्यांनी सांगितले त्यांची उलटतपासणी झाली नाही.

हे सारे दीडशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता आले असते, तर मी लेखणी उचलली नसती. कारण कळले म्हणजे प्रकार कळला, ही समजूत आजही घरोघरी नुकसान करते. पंचगंगेतून बाहेर काढलेला देह सीपीआर रुग्णालयात पीएमसाठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, जातो. डॉक्टर फार तर सांगू शकतो की माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता आणि बुडून मेला. पाय घसरला, उडी मारली की कुणी ढकलले, हे फुफ्फुसातले पाणी सांगत नाही. तिन्ही मृत्यूंचे कारण एक, प्रकार तीन. ते घाटावरच्या चपला, खिशातली चिठ्ठी, कठड्याची उंची, आदल्या रात्रीचे भांडण यांवरून, म्हणजे पंचनाम्यावरून ठरते. तरी घरचे लोक डॉक्टरांनाच धरतात, "तुम्ही अपघात लिहा." आणि फौजदारही पुष्कळदा पीएम रिपोर्ट येईपर्यंत अकस्मात मृत्यूची नोंद करून स्वस्थ बसतो, जणू घाटावरचा तपास शवागारात होणार आहे.

शेताच्या बांधावर तर या एका शब्दावर घर उभे राहते किंवा मोडते. डुकरांसाठी उसाला लावलेल्या तारेचा शॉक लागला, विंचू-साप चावला, विहिरीत पाय घसरला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात; आत्महत्येला मिळत नाहीत, आजारालाही नाहीत. आणि दाखल्यावर लिहिलेले असते: "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू". हृदय कुणाचे बंद पडत नाही? शॉकने गेलेल्याचेही पडते आणि नव्वदीत झोपेत गेलेल्याचेही. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्याच्या नमुन्यावरच सूचना असते की मरणाची रीत लिहू नका, ज्या आजाराने वा इजेने मरण आले ते लिहा. तरी तेच लिहिले जाते, आणि नवरा गमावलेली बाई तालुका कृषी कार्यालयाच्या खेपा घालत राहते. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखला असलेले अवघे २२.५ टक्के होते. २०२३ च्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर असा दाखला देण्याची आणि त्याची प्रत जवळच्या नातलगाला देण्याची सक्ती आली. मागणे हा आता हक्क आहे. हातात आलेला कागद वाचता यायला मात्र दोन प्रश्नांतला भेद ठाऊक हवा.

तो नमुना नीट पाहण्यासारखा आहे. नमुना ४. त्याच्या पहिल्या भागात तीन ओळी: वरच्या ओळीत ज्याने प्राण गेला ते लगतचे कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि तळाशी ज्याने ही सारी साखळी सुरू झाली ते मूळ कारण. दुसऱ्या भागात, साखळीत नसलेल्या पण मरणाला हातभार लावणाऱ्या बाबी. आणि पुढे वेगळा रकाना: इजा कशी झाली? नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याकडून, की चौकशी चालू? म्हणजे "कशानं" आणि "कसं" हे आपल्या मयताच्या घरचे दोन प्रश्न सरकारी कागदावरही वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे जिथे इजेने मृत्यू येतो तिथे मूळ कारण म्हणून ती इजा घडवणारा अपघात किंवा हिंसा नोंदायची असते. जुना आजार दुसऱ्या भागात जातो.

सरकारपक्षाने १८८३ पासून काय केले, ते या नमुन्यावर ठेवले की लगेच दिसते. दुसऱ्या भागातली ओळ त्यांनी उचलून पहिल्या भागाच्या तळाशी लिहिली, तिथे असलेली ओळ पुसली आणि शेवटचा रकाना कोरा सोडला. लोकपक्षाने त्या कोऱ्या रकान्यात संतापाने न्यायालयाचा शब्द लिहिला. "दुसऱ्याकडून" हा शरीरशास्त्राचा आणि घटनेचा निष्कर्ष आहे. गुन्हा कोणता, हेतू काय, स्वसंरक्षण होते की नाही, हे ठरवणे न्यायाधीशाचे काम. आज कोठडीत कुणी मेले तर, २००५ च्या दुरुस्तीपासून, न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी करावीच लागते, ती याच कारणासाठी. महाराजांच्या वाट्याला ती आली नाही.

कोल्हापूरच्या इतिहासाच्या पुढच्या आवृत्तीत त्या एका वाक्याच्या जागी मला अशी नोंद हवी आहे. नाव: छत्रपती चौथे शिवाजी महाराज, करवीर. वय: वीस वर्षे. स्थळ: अहमदनगरचा किल्ला, सरकारच्या ताब्यात. लगतचे कारण: पोटात झालेला रक्तस्राव. तो कशामुळे: प्लीहा फुटली. मूळ कारण: पहारेकऱ्याबरोबरच्या झटापटीत झालेली इजा. हातभार लावणाऱ्या बाबी: प्लीहा आधीपासून वाढलेली असल्यास ती. इजा कशी झाली: दुसऱ्याकडून. हेतू आणि स्वसंरक्षण: उघड न्यायालयात तपासले गेले नाही.